सेटमध्ये दिसतंय, तरी ‘कंटेन्स’ म्हणतं नाही

लक्षणं ठरलेली असतात. जावाच्या हॅशसेटमध्ये (एकच वस्तू दोनदा न ठेवणारा संग्रह) ऑब्जेक्ट टाकलेला असतो. सेट लॉगमध्ये छापला तर तो त्यात दिसतो, साइजही बरोबर येते. मात्र कंटेन्स (‘हा आत आहे का?’) विचारलं की उत्तर फॉल्स. हॅशमॅप (की दिली की तिची व्हॅल्यू देणारा संग्रह) असेल तर गेट नल, म्हणजे ‘काही नाही’, परत देतो, आणि तीच की डीबगरच्या खिडकीत डोळ्यांसमोर असते. एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. कधी हा प्रकार पहिल्या मिनिटापासून होतो. कधी सगळं सुरळीत चालत असताना अचानक सुरू होतो आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की गायब. मग ‘जावाचा मॅपच गंडलाय’ असं ठरवून लोक हॅशमॅप काढून टाकतात आणि लिस्टवर लूप फिरवायला लागतात. नोंदी लाखाच्या घरात गेल्या की तो लूप धापा टाकतो, मग त्याच्यावर कॅशे येतो, आणि कॅशेतही पुन्हा तोच हॅशमॅप.

मॅप गंडलेला नसतो. त्याच्याशी केलेल्या दोन-तीन करारांपैकी एक कुठेतरी मोडलेला असतो. कुठला मोडलाय हे कोडला हात लावण्याआधी दोन छोट्या चाचण्यांत कळतं. त्या चाचण्या न करता आयडीईकडून (कोड लिहायच्या प्रोग्रामकडून) इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट्स सारखे का ते सांगणारी मेथड) आणि हॅशकोड (ऑब्जेक्टवरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढणारी मेथड) नव्याने बनवून घेणं हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे. निम्म्या वेळा तो लागू पडतो, उरलेल्या निम्म्या वेळा दुखणं आणखी आत ढकलतो.

उदाहरणासाठी महाराष्ट्रातल्या गावांची यादी घेऊ. क्लासचं नाव गाव, आणि त्यात तीन फील्ड्स: नाव, तालुका, जिल्हा. तीन कशाला, तर नुसत्या नावाने आपल्याकडे गाव सापडत नाही. वडगाव मावळात आहे, हातकणंगल्यात आहे, आणि आणखी कितीतरी तालुक्यांत आहे. पिंपळगावांची तर गणतीच नको. म्हणजे ही तिन्ही फील्ड्स मिळून ओळख बनते. असा क्लास की म्हणून वापरला की पुढची सगळी दुखणी एकेक करून भेटायला येतात.

मॅप शोधतो कसा

एवढं माहीत असलं की पुढचं सगळं उलगडतं. जावाचा हॅशमॅप पहिली नोंद येते तेव्हा १६ बकेट्सचं टेबल उघडतो. पुट करताना कीचा हॅशकोड विचारतो, त्याचे वरचे १६ बिट्स खालच्यांत मिसळतो आणि त्यावरून बकेट ठरवतो. टपाल कार्यालयात पत्रं वाटून ठेवायचे कप्पे असतात तसंच हे. शोधताना तो सगळे कप्पे चाळत नाही. हॅश सांगेल तेवढाच कप्पा उघडतो. त्या कप्प्यातल्या प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न: साठवलेला हॅश आत्ताच्या हॅशइतकाच आहे का? असेल तर, हा तोच ऑब्जेक्ट आहे किंवा इक्वल्स ट्रू म्हणतो का? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर दुसरा विचारलाच जात नाही.

‘साठवलेला हॅश’ हा शब्द लक्षात ठेवा. पुट करताना जो हॅश निघाला तो नोंदीसोबत लिहून ठेवला जातो आणि पुन्हा कधीही काढला जात नाही. नोंदी बाराच्या वर गेल्या (१६ × ०.७५ = १२) की टेबल दुप्पट होतं. नोंदींची फेरमांडणी तेव्हाही होते ती त्या लिहून ठेवलेल्या हॅशवरूनच.

दोन वेगळ्या कींचा हॅश सारखा येणं (कोलिजन) हा मात्र दोष नाही. जावात ‘गा’ आणि ‘घट’ या दोन स्ट्रिंग्जचा हॅशकोड एकच येतो, ७४५०३. (पहिल्या अक्षराचा क्रमांक ३१ने गुणून दुसरा मिळवा, पडताळून पाहता येईल. ‘बा’ आणि ‘भट’ यांचंही तसंच.) १६च्या टेबलात दोघंही ६ क्रमांकाच्या बकेटमध्ये जातील, इक्वल्स त्यांना वेगळं ओळखेल, आणि काहीही बिघडणार नाही. त्यामुळे ‘हॅश कोलिजनमुळे माझा ऑब्जेक्ट हरवला’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कोलिजनने वेग कमी होतो, वस्तू हरवत नाही. जावा ८पासून तर एका बकेटमध्ये फार गर्दी झाली की तिथल्या साखळीचं झाडात रूपांतर होतं, म्हणजे वेगाचीही फारशी चिंता उरत नाही.

दोन चाचण्या

पहिली: सेटमधला प्रत्येक ऑब्जेक्ट इटरेटरने बाहेर घ्या आणि त्याच सेटला विचारा, ‘हा तुझ्यात आहे का?’ धडधाकट सेट प्रत्येकाला ट्रू म्हणतो. इक्वल्स लिहिलेला नसला, चुकीचा लिहिलेला असला तरीसुद्धा, कारण तोच ऑब्जेक्ट असेल तर इक्वल्सपर्यंत जायची गरजच पडत नाही. एकाला जरी फॉल्स आला तर अर्थ असा: की आत गेल्यानंतर तिचा हॅश बदलला. इक्वल्स-हॅशकोडकडे बघत बसू नका, थेट पुढच्या भागाकडे या.

पहिली चाचणी पास झाली तर दुसरी: सेटची एक अ‍ॅरेलिस्ट बनवा आणि जो ऑब्जेक्ट सापडत नाही त्यासाठी लिस्टवर कंटेन्स विचारा. लिस्टला हॅश ठाऊक नाही. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता इक्वल्स विचारत जाते. लिस्ट ट्रू म्हणाली आणि सेट फॉल्स, तर दोष हॅशकोडचा. दोघंही फॉल्स म्हणाले, तर दोष इक्वल्सचा, नाहीतर डेटाच खरोखर वेगळा आहे.

या चाचण्या युनिट टेस्टमध्ये करून भागत नाही, जिथे दुखतंय त्या चालू प्रोसेसमध्ये करा. युनिट टेस्टमध्ये हे दोष का लपतात ते पुढे येईल.

की आत असताना बदलली

२०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. २०२४मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. आता समजा, गावांचा सेट मेमरीत आहे, आणि कोणीतरी एक सरळ लूप लिहिला: ज्याचा जिल्हा औरंगाबाद असेल त्याला सेटरने (फील्ड बदलणाऱ्या मेथडने) नवं नाव द्या. लूप बिनतक्रार चालतो. सेट छापला तर नवी नावं दिसतात. आणि त्या जिल्ह्यातलं एकही गाव यापुढे सापडत नाही.

नव्या नावाने शोधलं तर नवा हॅश निघतो, मॅप दुसऱ्याच बकेटमध्ये जातो. नशिबाने तेच बकेट आलं तरी साठवलेला हॅश जुना आहे, पहिल्याच प्रश्नाला नापास. जुन्या नावाने शोधलं तर बकेट बरोबर, साठवलेला हॅशही जुळतो, पण इक्वल्स आता नवं नाव बघून नाही म्हणतो. म्हणजे जुन्या नावानेही नाही आणि नव्या नावानेही नाही. रिमूव्हही होत नाही. अ‍ॅड मात्र होतं, त्यामुळे तेच गाव दुसऱ्यांदा आत जातं आणि साइज वाढत राहते. मेमरी हळूहळू का भरतेय याचा शोध घेणारे बरेच जण शेवटी इथेच येऊन पोचतात.

टेबल मोठं झालं की आपोआप दुरुस्त होईल ही आशा सोडा. फेरमांडणी जुन्याच हॅशवर होते हे वर आलंच. रीस्टार्टने मात्र दुरुस्त होतं, कारण तेव्हा सगळ्या नोंदी नव्याने पुट होतात. फाइलमध्ये सीरियलाइझ करून परत वाचल्यावरही होतं, त्याच कारणाने. ‘रीस्टार्ट केल्यावर ठीक होतं’ हे वाक्य तक्रारीत दिसलं तर माझा पहिला संशय नेहमी बदलणाऱ्या कीवर असतो.

आणखी एक खाच. अशा अडकलेल्या नोंदी इटरेटरच्या रिमूव्हने काढायला जाल तर जावा ८मध्ये तोही फसवतो. तिथला इटरेटर काढताना कीचा हॅश पुन्हा मोजतो, चुकीच्या बकेटमध्ये जातो, काही सापडत नाही आणि गुपचूप परत येतो. रिमूव्हइफचा भरवसाही म्हणूनच धरू नका. तातडीचा इलाज एकच: जुन्या सेटवरून नवा हॅशसेट बनवा. कन्स्ट्रक्टर प्रत्येक नोंद नव्याने टाकतो, नवे हॅश काढतो, दुहेरी झालेल्या नोंदीही एकत्र होतात. मॅप असेल तर नवा मॅप. इथे जुन्या-नव्या नोंदींच्या व्हॅल्यू वेगळ्या असतील तर कुठली टिकेल हे आपण ठरवायचं. पुटऑलवर सोपवलं तर शेवटी आलेली टिकते, आणि हॅशमॅपमध्ये ‘शेवटी’ म्हणजे कुठली हे सांगता येत नाही.

कायमचा इलाज म्हणजे कीला सेटर नकोच. फील्ड्स फायनल करा, किंवा जावा १६ वा पुढचं वापरत असाल तर गाव हा क्लास न ठेवता रेकॉर्ड करा. रेकॉर्डला इक्वल्स आणि हॅशकोड तयार मिळतात, फील्ड बदलता येत नाही. नाव बदलायचं असेल तर जुनी नोंद काढायची, नवा ऑब्जेक्ट करायचा, तो टाकायचा, याच क्रमाने. मात्र रेकॉर्डच्या आत लिस्ट असेल आणि ती बाहेरून कोणी बदलू शकत असेल तर पुन्हा तेच दुखणं. आत घेताना लिस्टची कॉपी करा. आत अ‍ॅरे असेल तर आणखीच वाईट. जावाचा अ‍ॅरे इक्वल्समध्ये आतले घटक बघत नाही, फक्त ‘तोच अ‍ॅरे का’ एवढंच बघतो. बाइट अ‍ॅरेला की करून सारख्याच बाइट्सनी शोधणारे लोक म्हणून हमखास नल पाहतात.

लोंबोक या कोड बनवून देणाऱ्या लायब्ररीचं डेटा अ‍ॅनोटेशन हे या रोगाचं मोठं वाहक आहे असं माझं मत. एका ओळीत सगळी फील्ड्स हॅशकोडमध्ये आणि सगळ्यांना सेटर. क्लास साधा वाहक म्हणून वापरेपर्यंत ठीक, पण उद्या कोणीतरी तो सेटमध्ये टाकणारच.

इक्वल्स चुकला

लिस्टनेही फॉल्स म्हटलं तर इथे या. इक्वल्स लिहिलाच नसेल तर उघड आहे. लिहिलाय आणि तरी चालत नाही, तेव्हा आधी पॅरामीटरचा टाइप बघा. पॅरामीटर ऑब्जेक्ट टाइपचा हवा. तिथे गाव लिहिलं असेल तर ते ओव्हरराइड नाही, ओव्हरलोड आहे, म्हणजे मूळ मेथड बदलली नाही, त्याच नावाची दुसरी जोडली. गंमत अशी की दोन गावं थेट एकमेकांशी इक्वल्सने ताडून पाहिली तर ट्रू येतं, कारण कंपायलर तुमचीच मेथड निवडतो. लिस्ट आणि सेट मात्र ऑब्जेक्टवाली मेथड हाक मारतात, तिथे मूळ ‘तोच ऑब्जेक्ट का’ वालीच बसलेली असते. ओव्हरराइड अ‍ॅनोटेशन लावलं की कंपायलर लगेच अडवतो. हे अ‍ॅनोटेशन ऐच्छिक आहे म्हणून न लावणाऱ्यांचा मला आदर नाही.

दुसरं, इक्वल्सच्या आत == वापरलेला असणं. समजा नावाऐवजी गावाचा कोड घेतला, फील्ड इंटिजर ठेवलं आणि दोन कोड == ने ताडले. टेस्टमध्ये गाव १, गाव २, गाव ३ अशी लिहिलेली. सगळं हिरवं. जावा -१२८ ते १२७ हे इंटिजर ऑब्जेक्ट्स आधीच बनवून ठेवतो आणि ऑटोबॉक्सिंगमध्ये तेच ते परत देतो, म्हणून == जुळून जातं. जनगणना २०११मधले गावांचे कोड सहा अंकी आहेत. प्रॉडक्शनमध्ये एकही जुळत नाही. स्ट्रिंगचंही तसंच: टेस्टमध्ये लिहिलेली लिटरल्स एकाच जागी असतात, डेटाबेसमधून आलेली नसतात. टेस्टमध्ये नेहमी खऱ्यासारखा कोड घ्यावा आणि दोन्ही ऑब्जेक्ट्स वेगवेगळे बनवावेत, ते यासाठी.

हॅशकोड चुकला

लिस्ट ट्रू, सेट फॉल्स. बहुधा इक्वल्स ओव्हरराइड केलाय आणि हॅशकोड विसरला गेलाय. यापेक्षा चोरटा प्रकार म्हणजे दोन्ही आहेत, पण दोघांचं एकमत नाही. इक्वल्समध्ये कोणीतरी नंतर सुधारणा केली: मोकळ्या जागा छाटून ताडा, किंवा इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं एकच धरून ताडा. हॅशकोड मात्र कच्च्या स्ट्रिंगवरच राहिला. इक्वल्स ज्यांना सारखं म्हणतो त्यांचा हॅश सारखाच आला पाहिजे, हा करार इथे मोडला. यावर इक्वल्स हुशार करत बसण्यापेक्षा कन्स्ट्रक्टरमध्येच स्ट्रिंग एकदा साफ करून ठेवावी. मग दोन्ही मेथड्स साध्या राहतात.

हायबरनेट (जावा ऑब्जेक्ट्स डेटाबेसमध्ये ठेवणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी हा भाग आणि आधीचा भाग एकत्र येतात. नवी एंटिटी (डेटाबेसमधल्या नोंदीचा ऑब्जेक्ट) बनते तेव्हा आयडी नल असतो. ती सेटमध्ये टाकली, मग सेव्ह केली, आयडी मिळाला, हॅशकोड आयडीवर आधारित होता, तो बदलला, एंटिटी हरवली. पर्याय दोन. एकतर आयडी डेटाबेसवर न सोडता ऑब्जेक्ट बनतानाच यूयूआयडी (आपणच बनवलेली, दुसऱ्याशी न जुळणारी ओळख) द्या. नाहीतर हॅशकोड त्या क्लासपुरता एक ठरलेला आकडा परत करू द्या आणि इक्वल्समध्ये आयडी नल नसेल तरच ताडा. दुसरा पर्याय बघायला कुरूप आहे, सगळ्या एंटिटी एकाच बकेटमध्ये जातात. पण एका पालकाखालच्या पाच-पन्नास मुलांच्या सेटला त्याने काही फरक पडत नाही. शिवाय लेझी लोडिंगमध्ये (डेटा लागेल तेव्हाच आणणं) समोरचा ऑब्जेक्ट हा खरा क्लास नसून त्याचा प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या जागी उभा केलेला बदली ऑब्जेक्ट, असू शकतो. त्यामुळे इक्वल्समध्ये गेटक्लास ताडण्याऐवजी इन्स्टन्सऑफ वापरा आणि समोरच्याचं फील्ड थेट न वाचता गेटरने वाचा, कारण प्रॉक्सीची फील्ड्स रिकामी असतात.

कोड की केला तर सुटतं का?

नावं बदलतात, कोड सहसा बदलत नाही, म्हणून कोडला की करणं हा निर्णय चांगलाच. पण एक सापळा लगेच येतो. मॅपची की लाँग ठेवली आणि कोणीतरी इंटिजर देऊन गेट केलं. कंपाइल होतं, कारण गेटचा पॅरामीटर ऑब्जेक्ट आहे. हॅशही जुळतो. पण लाँगचा इक्वल्स समोर इंटिजर दिसला की सरळ फॉल्स म्हणतो. हे बहुधा जेसन या मजकूर-स्वरूपातल्या डेटामधून शिरतं: टाइप न सांगता वाचलं तर जॅक्सन ही जेसन वाचणारी लायब्ररी लहान आकड्यांचे इंटिजर करते. आणि जेसन ऑब्जेक्टच्या की तर नेहमी स्ट्रिंगच असतात. मॅपच्या की खरोखर कुठल्या क्लासच्या आहेत ते गेटक्लासने छापून बघा, मॅपच्या घोषणेवर विसंबू नका.

दशांशाचंही असंच. सातबाऱ्यावरचं क्षेत्र १.२० हेक्टर. कुठे ते १.२० असं आलं, कुठे १.२. बिगडेसिमलच्या इक्वल्सला हे दोन वेगळे आकडे आहेत, कारण तो दशांशस्थळांची संख्याही बघतो. कंपेअरटू मात्र त्यांना समान म्हणतं. म्हणून हॅशसेटमध्ये दोन नोंदी राहतात, ट्रीसेटमध्ये एक. दशांशस्थळं ठरवून सेटस्केलने सगळे आकडे एका मापात आणा, मग टाका.

ट्रीसेट आणि ट्रीमॅपचा विषय निघालाच आहे तर: ते हॅशकोडला विचारत नाहीत आणि इक्वल्सलाही नाही. फक्त कंपॅरेटर. गावं नावाने लावून हवीत म्हणून कंपॅरेटरमध्ये नुसतं नाव दिलंत, तर हातकणंगल्याचं वडगाव आत गेल्यावर मावळचं वडगाव आत जाणारच नाही. कंपॅरेटरने शून्य दिलं म्हणजे ट्रीसेटच्या लेखी तेच ते. नावानंतर तालुका, मग जिल्हा जोडा.

अनेक थ्रेड्स एकाच साध्या हॅशमॅपमध्ये लिहीत असतील तर वरच्या सगळ्या चाचण्या निरर्थक आहेत. आधी कॉन्करंटहॅशमॅप आणा, मग निदान करा.

पायथॉनवाल्यांना यातलं काही फुकट मिळतं. क्लासमध्ये नुसता ‘ईक्यू’ (तिथला इक्वल्स) लिहिला आणि ‘हॅश’ नाही लिहिला, तर पायथॉन ३ तो ऑब्जेक्ट सेटमध्ये घेतच नाही, टाइपएरर देतो. गप्प बसून फसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डेटाक्लास (फील्ड्सवरून मेथड्स तयार मिळणारा क्लास) की म्हणून हवा असेल तर फ्रोझन, म्हणजे न बदलता येणारा, करा. अनसेफ हॅश नावाचा पर्यायही आहे, त्याचं नावच पुरेसं बोलकं आहे. जावास्क्रिप्टमध्ये उलट: मॅपमध्ये ऑब्जेक्ट की असेल तर ‘तोच ऑब्जेक्ट’ एवढाच निकष, तो बदलायची सोय नाही. तिथे स्ट्रिंग बनवून की करावी लागते. बनवताना नाव आणि तालुक्याच्या मध्ये डेटात न येणारं चिन्ह घाला, नुसती चिकटवू नका.

सगळं बरोबर आहे, तरी ‘चऱ्होली’ सापडत नाही

इक्वल्स ठीक, हॅशकोड ठीक, की बदलत नाही. दोन्ही स्ट्रिंग्ज छापल्या तर हुबेहूब सारख्या दिसतात. तरी फॉल्स. मराठी डेटावर काम करणाऱ्यांना हे वारंवार भेटतं, आणि परदेशी ट्यूटोरियलमध्ये याचं उत्तर मिळत नाही.

स्ट्रिंगची लांबी छापा. ‘चऱ्होली’ तीन प्रकारे लिहिलेली मिळते. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१) आणि त्यापुढे हलन्त: लांबी ७. दोन, साधा र, मग नुक्ता, मग हलन्त: लांबी ८. तीन, साधा र, हलन्त, आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर: लांबी पुन्हा ८. कीबोर्ड, फॉन्ट रूपांतर आणि जुन्या एक्सेल फाइली यांनुसार तिन्ही येतात. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात. कऱ्हाड, गोऱ्हे, जिथे जिथे हा अर्धा र आहे तिथे हीच कथा.

जावाचा नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारा) एनएफसी, म्हणजे तुकडे जोडून एकसंध अक्षर करायच्या, पद्धतीने चालवला तर दुसरा प्रकार पहिल्यात विरघळतो, कारण युनिकोड त्या दोघांना समतुल्य मानतं. तिसरा मात्र तसाच राहतो. युनिकोडच्या लेखी तो वेगळाच मजकूर आहे, म्हणून नॉर्मलायझेशन केल्यावरही निम्मी गावं सापडत नाहीत आणि लोक चक्रावतात. इथे काही जण सगळे जॉइनर सरसकट पुसून टाकतात. तसं करू नका. र, हलन्त, जॉइनर यांतला जॉइनर गेला की उरतो तो रफार. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल आणि दोन वेगळे शब्द एकाच कीवर येऊन बसतील. आधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त घाला. मग एनएफसी. त्यानंतर उरलेले जॉइनर काढायचे की नाही ते आपल्या डेटाकडे बघून ठरवा.

‘अ‍ॅ’चंही तेच. ॲ हे एकसंध अक्षर (०९७२) युनिकोडमध्ये बरंच उशिरा, २००८मध्ये आलं. त्याआधीचा डेटा अ आणि त्यावर चंद्र असा, कधी मध्ये जॉइनर घालून लिहिलेला असतो. हेही समतुल्य मानलेले नाहीत, एनएफसी त्यांना हात लावत नाही. बदल स्वतः लिहावा लागतो.

मोकळ्या जागा वेगळ्याच. वेबपेजवरून किंवा वर्डमधून आलेल्या नावाच्या शेवटी नॉन ब्रेकिंग स्पेस चिकटलेली असते. ट्रिम ती काढत नाही, आणि जावा ११मधली स्ट्रिपही काढत नाही, कारण जावा तिला व्हाइटस्पेस मानत नाही. ती आधी साध्या स्पेसमध्ये बदलून मग ट्रिम करा. बुद्रुकचं ‘बु.’, ‘बु॥’, ‘बुद्रुक’ असं तिहेरी रूप, खुर्दचं तसंच. यांच्यासाठी मात्र एक छोटा कोष्टक-मॅप हाताने भरण्यावाचून इलाज नाही. आकड्यांत तेवढा त्रास नाही, पार्सइंट देवनागरी अंक निमूटपणे वाचतो. पण वॉर्ड क्रमांक स्ट्रिंग म्हणून ठेवलात तर दोन लिपींतले १२ दोन वेगळ्या की होतील.

ही सगळी सफाई एका मेथडमध्ये आणा आणि ती गाव क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधूनच हाक मारा, म्हणजे टाकणारा आणि शोधणारा दोघंही त्याच दारातून येतील. मूळ लिहिलेलं नाव दाखवण्यासाठी हवं असेल तर ते वेगळ्या फील्डमध्ये ठेवा, पण इक्वल्स आणि हॅशकोडच्या बाहेर. रेकॉर्ड वापरत असाल तर इथे सावध. तो सगळीच फील्ड्स ताडतो, म्हणून मूळ नाव कीमध्ये न ठेवता व्हॅल्यूमध्ये ठेवा.

जुना डेटा नव्या मॅपमध्ये हलवताना कलेक्टर्सचं टूमॅप वापरा आणि पहिल्या फेरीत मर्ज फंक्शन (दुहेरी कीचं काय करायचं ते सांगणारं) देऊ नका. सफाईनंतर दोन की एक झाल्या की ते इल्लीगलस्टेट एक्सेप्शन फेकतं आणि कुठली की दुहेरी झाली ते नव्या जावा आवृत्त्यांत संदेशात लिहिलेलंही असतं. एकेका एक्सेप्शनवर थांबायचं नसेल तर ग्रुपिंगबायने गट करून एकाहून अधिक नोंदींचे गट तेवढे छापा. त्या यादीत काही खरोखर एकच गाव दोनदा असेल. काही बुद्रुक आणि खुर्द चुकून एकत्र आलेली असतील. ती वेगळी करणं प्रोग्रामरचं काम नाही. यादी छापून तालुक्याची माहिती असलेल्या माणसाकडे द्या, त्याच्या खुणा येईपर्यंत मर्ज फंक्शन लिहू नका.